चार बोटं काच

१

मागच्या हिवाळ्यात माझी सकाळ ठरलेली होती. पावणेनऊला डबा, चष्मा आणि प्रुफांची पिशवी घेऊन खाली उतरायचं, गाडीच्या काचांवर साचलेलं दव जुन्या फडक्याने पुसायचं, चारही काचा नीट लागल्यात ना ते बघायचं आणि निघायचं. ऑफिसला पोचायला पस्तीस मिनिटं. पाठ्यपुस्तकं छापायला जाण्याआधी त्यांतल्या चुका शोधणं हे माझं काम. सव्वीस वर्षं करते आहे. चुकीचं असेल ते डोळ्यांना आधी टोचतं आणि बरोबर असेल ते दिसतही नाही, अशी एक वाईट सवय त्यातून लागते.

गाडी यांची होती. यांची म्हणजे माझ्या नवऱ्याची. मी त्यांना नावाने कधी हाक मारली नाही. सुरुवातीला सासूबाईंसमोर संकोच वाटायचा, पुढे 'अहो' हेच नाव होऊन बसलं. एकोणीस वर्षांची जुनी गाडी, आणि तिच्यातला एकही भाग असा नव्हता जो यांनी कधी ना कधी खोलून पाहिला नव्हता. रविवारी जेवण झालं की हे खाली जात आणि चहाच्या वेळेला काळे हात घेऊन वर येत. हे गेले त्याला तेव्हा चौदा महिने झाले होते. कामावरच, खुर्चीत बसल्या बसल्या. गाडी मी चालवायला लागले ती त्यानंतर. तोवर माझी जागा कायम शेजारच्या सीटवर.

त्या शेजारच्या सीटची काच आपोआप खाली यायला लागली.

पहिल्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळच्या सिग्नलला गाल गार पडला म्हणून बघितलं, तर काच उघडी. मीच विसरले असेन, असं वाटलं. माझ्या दारावरचं बटण दाबलं, काच हलेना. पुढे गाडी बाजूला घेतली, सीटवर ओणवी झाले आणि दोन्ही तळवे लावून काच वर ढकलली. दुसऱ्या दिवशी त्याच सिग्नलला पुन्हा उघडी. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी सिग्नल लांबला होता, म्हणून मी सहज त्या फटीत हात आडवा घालून पाहिला.

चार बोटं. अंगठा सोडून.

हात मी तिथून लगेच काढला नाही. मला लहानपणापासून गाडी लागते. लग्नानंतर ते यांच्या लक्षात आलं आणि त्यावर एक शब्दही न बोलता यांनी उपाय शोधला. निघून पाव तास झाला की बोलता बोलता, रस्त्यावरची नजर न काढता, यांचा हात स्वतःच्या दारावरच्या बटणाकडे जायचा आणि माझी काच चार बोटं खाली यायची. मळमळ सुरू व्हायच्या आधी. जास्त नाही, केस उडतील म्हणून. कमी नाही, पुरणार नाही म्हणून. इतक्या वर्षांत मी त्याबद्दल एकदाही काही म्हटलं नाही. श्वास घेता येतोय म्हणून घरातल्या माणसाचे आभार कोण मानतं?

मागची गाडी हॉर्न वाजवत होती. जुनी गाडी, झिजलेली काच, रस्त्यावरचे हिसके, असं स्वतःला सांगून मी निघाले.

२

आमच्या रस्त्याच्या टोकाला गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक गृहस्थ आहेत. गळ्यात कायम वीज मोजायचा मीटर लटकत असतो, म्हणून लहानथोर सगळे त्यांना मीटरकाका म्हणतात. यांचं आणि त्यांचं अजिबात पटायचं नाही आणि एकमेकांशिवाय करमायचंही नाही. बुधवारी संध्याकाळी मी गाडी त्यांच्याकडे नेली.

"या वहिनी," ते म्हणाले. "भाऊंची गाडी ना? मग बिघाड वायरिंगमध्ये नाही, भाऊंच्या डोक्यात..." आणि थांबले. हातातल्या फडक्याने उगाचच हात पुसले. "सवय हो. तोंडातून गेलं."

"जाऊ दे. त्यांनाही हेच आवडलं असतं."

त्यांनी ड्रायव्हरच्या सीटवर बसून बटण दाबलं, आणि मागची काच खाली येण्याऐवजी घट्ट वर दाबली गेली. "हे अजून तसंच आहे का?"

तसंच होतं. बटणाची पुढची कड दाबली की काच खाली, मागची दाबली की वर, अशी जगरहाटी. आमच्या गाडीत उलटं. फार पूर्वी बटणं बदलताना यांनी वायरी उलट्या जोडल्या, आणि चूक लक्षात आल्यावर ती सुधारण्याऐवजी 'चोराची फजिती होईल' असं जाहीर करून टाकलं. फजिती झाली ती पाहुण्यांची. आम्हा तिघांना, म्हणजे यांना, मला आणि मुलीला मात्र ते अंगवळणी पडलं, इतकं की दुसऱ्या कुणाच्या गाडीत आम्हीच चुकायचो.

मीटरकाकांनी शेजारच्या दाराचं आतलं पॅनेल उतरवलं. आत मोटर, तिच्यापर्यंत आलेल्या दोन वायरी आणि त्यांच्या टोकाला एक प्लग. प्लग सुटा करून त्यांनी त्यात मीटरच्या सुया घातल्या.

"बसा वहिनी, दाबा."

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून मागची कड दाबली.

"दाबा की."

"दाबलंय."

"नक्की?"

"अहो, बोट दुखायला लागलं."

"शून्य. एक कण येत नाही." मग त्यांनी बॅटरीतून थेट वीज दिली, तेव्हा मोटर कुरकुरत फिरली आणि काच वरखाली झाली. "मोटर ठणठणीत. वीज पोचत नाही इथवर. वायर मधे कुठेतरी तुटलीय, डॅशबोर्डच्या मागे असेल. तो सगळा उतरवावा लागेल. सोमवारनंतर आणा, दोन दिवस ठेवावी लागेल."

"पण मग ती खाली कशी येते?"

"येत नाही, घसरते. काच धरणारी तार सैल झालीय. जुनी झाली हो."

"दरवेळी तेवढीच?"

त्यांनी काच हाताने हलवून पाहिली. "तिथे अडकत असेल काहीतरी," ते म्हणाले, पण मघासारख्या खात्रीने नाही.

पॅनेल दोनच स्क्रूंवर ठेवून, प्लग तसाच सुटा ठेवून, काच पूर्ण वर चढवून त्यांनी रबरात लाकडाची एक चिपटी ठोकून बसवली. "घ्या. आता ही कुणाच्या बापाला उघडायची नाही."

मी हसले. खूप दिवसांनी हसले असेन, कारण गाल अवघडल्यासारखे वाटले.

३

गुरुवारी सकाळी पाण्याच्या टाकीजवळचा सिग्नल आला आणि गेला. काच बंद होती. मला बरं वाटायला हवं होतं.

त्याऐवजी डोकं जड झालं. त्या हिवाळ्यात माझं डोकं रोजच सकाळी थोडं दुखायचं आणि ऑफिसात पोचल्यावर तासाभरात उतरायचं. चौदा महिने नीट झोप नाही, असंच मी समजत होते. ऑफिसातल्या शेजारच्या बाईंनी तर परवा माझ्या प्रुफातली एक ढळढळीत चूक गुपचूप दुरुस्त करून दिली होती आणि वर म्हणाल्या होत्या, "तुमच्या नजरेतून सुटली म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला." पण गुरुवारचं दुखणं वेगळं होतं. कपाळाभोवती कुणी ओला पंचा आवळत होतं. समोरच्या बसचा नंबर मी तीनदा वाचला आणि तीनदा विसरले. झोप येत होती, आणि ती झोप फार मऊ होती.

तेव्हा तो आवाज आला.

मोटरचा. बारीक, थोडा घसा बसल्यासारखा, शेवटी किंचित अडखळणारा. इतकी वर्षं मी तो शेजारच्या सीटवर बसून ऐकला होता. त्याच मोटरचा प्लग आता दाराच्या पोटात सुटा लोंबत होता.

मी मान वळवली नाही. रस्त्याकडेच बघत राहिले. गार वारा आधी गालाला लागला, मग नाकात गेला, मग डोक्यात. पुढच्या मोकळ्या जागेत गाडी थांबवली आणि मग वळून बघितलं. काच चार बोटं खाली. आणि लाकडाची चिपटी?

ती सुटून पडली असती तर सीटवर पडली असती, नाहीतर खाली. मी आधी तिथेच शोधली. ती डॅशबोर्डवर होती, माझ्या बरोबर समोर, कडेला समांतर. पडलेली नव्हती. ठेवलेली होती.

मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. ब्रेक लागला असेल. उडून तिथे गेली असेल. कडेला समांतर? असेल. आपल्या डोक्याला कारण पुरवायला माणूस किती मेहनत घेतो. पण एक गोष्ट मी नाकारू शकत नव्हते: मला भीती वाटत होती, आणि माझं डोकं हलकं झालं होतं.

शुक्रवारी मी दोन चिपट्या ठोकल्या. ऑफिसला पोचेपर्यंत त्या दोन्ही डॅशबोर्डवर होत्या, शेजारी शेजारी.

४

शनिवारी मुलगी आली, चार महिन्यांच्या बाळाला घेऊन. जावई पुढे गेले होते. नव्या गावी घर लावून ठेवत होते. ठरलं असं होतं की गाडी मी तिला द्यायची आणि सोमवारी तिने तीच चालवत जायचं. सहा तासांचा रस्ता. मला बसने ऑफिसला जाता येत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या आठवड्यानंतर गाडी जाणार याचं मला वाईट वाटत होतं की सुटल्यासारखं, ते माझं मला कळत नव्हतं.

तिला मी एवढंच सांगितलं की काच घसरते.

"घसरते म्हणजे? आई, बाळाला सर्दी आहे. डॉक्टरांनी वारा लागू देऊ नका म्हणून बजावलंय. सगळ्या काचा घट्ट बंद करून जाणार आहे मी, हीटर लावून. ती एक उघडी राहिली तर काय उपयोग?"

"मीटरकाका सोमवारनंतर म्हणाले."

"सोमवारी मी निघणार. पॅकिंगची पट्टी मार तिला, बाहेरून आतून. नाहीतर बाबांसारखी तूच बस खोलून." ती हसत म्हणाली आणि बाळाची टोपी नीट करायला लागली.

पट्टी मारायचीच होती. पण चिकटपट्टीने बंद केलेली काच मला का कोण जाणे बघवेना. दोन चिपट्यांचं काय झालं ते मी पाहिलं होतं. बाळ मागे बांधलेलं, मुलगी एकटी चालवणारी, आणि सहा तासांत कधीतरी तो मोटरचा आवाज. ती दचकली तर? चाक वळलं तर? काय बिघडलंय ते मला तिच्या निघण्याआधी कळायलाच हवं होतं.

माळ्यावरून यांची अवजारांची पेटी काढली. वरच टेस्ट लॅम्प होता: पेनाएवढी दांडी, तिच्या पोटात छोटा दिवा, एका टोकाला सुई, दुसरीकडे लांब वायर आणि चिमटा. चिमटा गाडीच्या उघड्या पत्र्याला लावायचा, सुई वायरीत टोचायची. वीज असेल तर दिवा लागतो. याला माणसं दोन लागतात. एकाने सीटवर बसून बटण दाबायचं, दुसऱ्याने दाराशी वाकून दिवा बघायचा. एकमेकांची तोंडं दिसत नाहीत, म्हणून बोलायचं. कित्येक रविवार हे वाकलेले असायचे आणि मी सीटवर. "खाली," हे म्हणायचे. मी दाबायची. "सोड." मी सोडायची. तासभर आमचं संभाषण एवढंच, आणि तरी वर येताना पुष्कळ बोलून झाल्यासारखं वाटायचं.

५

रविवारी दुपारी स्वच्छ ऊन होतं. गाडी शुक्रवारपासून जागची हलली नव्हती, इंजिन थंडगार. डोकंही स्वच्छ होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

"तू हो पुढे," मुलगी म्हणाली. "हा झोपला की आलेच मी दाबायला."

मी किल्ली अर्धी फिरवून वीज चालू केली, ड्रायव्हरचं दार लावलं आणि वळसा घालून पलीकडे गेले. पोत्यावर गुडघे टेकले. दोन स्क्रू काढून पॅनेल बाजूला ठेवलं. प्लग सापडला. चिमटा लावला. वायर बारीक, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. डोकं पार दाराच्या आत घातलेलं.

पलीकडचं दार उघडून लागल्याचा आवाज आला. सीट कुरकुरली.

"झोपला का?" मी विचारलं. उत्तर आलं नाही. वरच्या खिडकीपर्यंत आवाज जाऊन बाळ उठेल म्हणून गप्प असेल. "बरं, खाली."

दिवा लागला.

इतका आनंद झाला मला. बुधवारी मीटरकाकांना याच ठिकाणी शून्य मिळालं होतं. "सोड." विझला. "वर." सुई शेजारच्या वायरीत घातली होती, लागला. बटणं उलटी आहेत हे सांगायची गरज पडली नाही, एकदाही चूक झाली नाही. लेक माझी, मला वाटलं. इतकी वर्षं बाहेर राहून विसरली नाही.

यांचा नियम असा की टोकापासून सुरुवात करायची आणि वायरीचा हात धरून मागे मागे जायचं, वीज जिथून येते तिकडे. मी दारातून वायर धरली. ती डॅशबोर्डकडे वळलीच नाही. उंबऱ्याजवळ खाली गेली आणि थेट पायाखालच्या कार्पेटमध्ये शिरली. म्हणजे हा यांचा उद्योग. डॅशबोर्ड उतरवायचा कंटाळा, म्हणून नवी वायर कार्पेटखालून पलीकडे नेलेली. मीटरकाका दोन दिवस भलतीकडेच शोधत बसले असते.

उंबऱ्याशी टोचलं. "खाली." लागला. कार्पेटची कड उचलून टोचलं. "खाली." लागला. "सोड." विझला. आणखी वीतभर पुढे. लागला. वायरीत कुठेच दोष नव्हता. मी म्हणायची आणि पलीकडून तेवढ्याच वेळाने, ना आधी ना नंतर, दिवा लागायचा. मला आठवतं, मी अगदी सुखात होते. गुडघे दुखत होते, पाठ भरून आली होती, आणि मला ते काम संपायला नको होतं.

"खाली," मी म्हटलं, दिवा लागलेला तसाच ठेवला, आणि पुढचं दिसावं म्हणून कार्पेट जोर लावून ओढलं. ते चिकटलेलं होतं. टर्रकन निघालं.

खाली पत्रा नव्हता. गंजून पडलेलं, तळहातभर भोक होतं. त्यातून पार्किंगची फरशी दिसत होती. भोकाच्या कडा काजळीने काळ्या, कार्पेटची खालची बाजू करपलेली. आणि वायर? ती भोकाच्या अलीकडे वितळून तुटली होती. दुसरं टोक पलीकडच्या काठावर, तांब्याचं काळं बोट वर केल्यासारखं. दोन टोकांच्या मधे वीतभर जागा. त्या जागेत काही नव्हतं.

सुई अलीकडच्या टोकात होती. दिवा लागलेला होता.

मी चुका शोधणारी बाई. मी त्या वीतभर रिकाम्या जागेकडे बघितलं, मग दिव्याकडे, मग पुन्हा जागेकडे. "अगं, हे बघ काय झालंय," मी म्हटलं आणि तशीच ओणवी असताना मान वर केली.

जमिनीच्या पातळीवरून मला दोन्ही सीटच्या मधून पलीकडचं दार दिसत होतं. बसलेलं कुणी दिसत नव्हतं. दारावरची चार बटणं दिसत होती, उन्हात, स्पष्ट. त्यातल्या माझ्या काचेच्या बटणाची मागची कड आत दबलेली होती. दबलेलीच होती. मी अजून 'सोड' म्हटलं नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. बटण हललं नाही. कुणीतरी धीराने वाट बघत होतं, माझं काम होईपर्यंत.

"सोडा," मी म्हटलं.

कड सावकाश वर आली. दिवा विझला.

"आई, आले गं," जिन्यातून मुलीचा आवाज आला. "झोपला एकदाचा. कुणाशी बोलतेस?"

६

मीटरकाका रविवार असूनही दहा मिनिटांत आले. भोक पाहिलं, गाडीखाली सरकले, आणि बाहेर आले ते आधी फरशीवर बसले.

"वहिनी, सायलेन्सरचा जोड फुटलाय. बरोबर या भोकाखाली. गाडी चालू असली की धूर सरळ आत."

"वास कधी आला नाही."

"धुरातल्या ज्या वायूने माणूस जातो त्याला वास नसतो. नुसती झोप येते." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "डोकं दुखायचं?"

"रोज."

"रोज." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "ही काच उघडी राहत होती म्हणून तुम्ही माझ्यासमोर उभ्या आहात. आणि मी शहाणा, ठोकून बंद करून दिली." मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती उद्या सहा तास सगळ्या काचा बंद करून निघणार होती, हे मी त्यांना फोनवर सांगितलं होतं. मुलगी जिन्याच्या पायरीवर बसली, मग उठली आणि वर गेली. पाच मिनिटांनी झोपलेल्या बाळाला छातीशी धरून खाली आली आणि तशीच उभी राहिली.

"एक कळत नाही," मीटरकाका वायरीची दोन टोकं हातात घेऊन म्हणाले. "ही जळून महिने झाले असतील. मग काच आली कशी खाली?"

"घसरत असेल," मी म्हटलं. "जुनी झाली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या धुराने भासही होतात म्हणे," ते हळूच म्हणाले. विचारत होते की सांगत होते, कळलं नाही.

होत असतील. गुरुवारचं, शुक्रवारचं मी त्या खात्यात टाकायला तयार आहे. चिपट्या मीच काढल्या असतील, मीच ठेवल्या असतील. रविवारचं मात्र टाकता येत नाही. इंजिन थंड होतं, दार उघडं होतं, ऊन होतं.

७

भोकावर नवा पत्रा बसला, सायलेन्सर बदलला, वायर नवी आली. निघणं आठ दिवस पुढे गेलं. मीटरकाका स्वतः गाडी घेऊन आले.

"सगळं चोख. आणि बटणंही सरळ करून टाकली. भाऊंची चूक निस्तरायला मला इतकी वर्षं लागली."

मी बसून पुढची कड दाबली. काच खाली गेली. जगरहाटीप्रमाणे.

"पुन्हा उलटी करून द्याल का?"

"काय?"

"होती तशी."

"वहिनी, चांगलं केलेलं बिघडवून देऊ? कशासाठी?"

"सवय आहे."

"तुम्ही तर चालवणार नाही आता. आणि ताई काय, दोन दिवसांत शिकेल."

मी किल्ली त्यांच्या हातात दिली. मग त्यांनी पेचकस काढला, दार उघडलं आणि पुटपुटत बसले: "गेल्यावरसुद्धा हा माणूस माझं ऐकत नाही." त्यांच्या आवाजात चिडचिड होती, आणि चिडचिडीखाली दुसरं काहीतरी होतं, ज्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

निघायच्या दिवशी मुलगी वर बाळाचं सामान बांधत असताना मी खाली गेले आणि शेजारच्या सीटवर बसले. माझ्या जागेवर. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. काच बंद होती. मला जे म्हणायचं होतं ते फार थोडं होतं आणि ते मी म्हटलं. इथे लिहीत नाही. काही झालं नाही. व्हावं अशी अपेक्षाही नव्हती. काच बंदच राहिली. आता मळमळायचं कारण नव्हतं.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. मी वर आले, प्रुफं काढून बसले, आणि त्या दिवशी एकाही पानावर माझी नजर चुकली नाही.

पोचल्याचा फोन चारच्या सुमाराला आला.

"छान झाला प्रवास. गाडी एकदम मस्त. मधे वळणं लागली ना, तिथे जरा रडला हा. तोंड वेडंवाकडं करायला लागला. वाटलं, आता ओकणार. तुझ्यावर गेलाय, त्यालाही गाडी लागते. मग जरा गार वारा आला आणि गप्प झोपला तो थेट इथे."

"काच उघडलीस?"

"शेजारची, थोडीशी." मग ती थांबली. "मीच उघडली असेन ना? दोन्ही हात तर चाकावर होते. असेन मीच. का गं?"

"काही नाही. बटणं उलटी आहेत, लक्षात असू दे."

"आई," ती हसून म्हणाली, "आपल्या घरात ते सगळ्यांनाच माहीत आहे."

"हो," मी म्हटलं. "सगळ्यांना."